पैसे आम्ही दिले, मग फोटो कोणाचे?

लग्नसराई उलटली की दरवर्षी फोटोंवरची पत्रं येतात, पण यंदा इतकी आली की वारसाहक्क आणि सोसायटीच्या पार्किंगचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. हा विषय मला जवळचा आहे. माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी छोटा फोटो स्टुडिओ होता आणि मी पुढे वकिली केली, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ही भांडणं पाहिलीयेत.

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरात झालं. फोटो आणि व्हिडिओचं ९० हजारांचं पॅकेज मी स्वतः ठरवलं, सगळे पैसे चुकते केले. आता स्टुडिओच्या बाहेर एसटी स्टँडच्या रस्त्यावर मुलीच्या हळदीच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागलाय आणि इन्स्टाग्रामवर रील पण टाकलंय. सासरच्यांना ते आवडलेलं नाही, मुलगी फोनवर रडली. स्टुडिओवाले म्हणतात फोटो आम्ही काढले म्हणजे कॉपीराइट आमचा, बिलावर तसं छापलंय. खरंच असं असतं का? (एक आई, सातारा जिल्हा)

ताई, असं नसतं. आपल्याकडे पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा आणि पैसे देणारा माणूस असतो, वेगळा करार नसेल तर. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याचं कलम १७ याबद्दलच आहे. कलमाची सुरुवात म्हणते की कलाकृतीचा कर्ता तोच पहिला मालक, आणि फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. बरेच स्टुडिओवाले इथवर ऐकून थांबतात, शिवाय नेटवर अमेरिकेतल्या फोटोग्राफर्सचे व्हिडिओ पाहिलेले असतात, तिथे नियम उलटा आहे, तो इकडे लागू होत नाही हे कोणी सांगितलेलं नसतं. पण आपल्या कलमाला पुढे अपवाद जोडलेत आणि दुसऱ्याच अपवादात लिहिलंय की एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला, चित्र किंवा पोर्ट्रेट काढलं किंवा फिल्म बनवली, तर पहिला मालक सांगणारा. लग्नाचा व्हिडिओ कायद्याच्या भाषेत फिल्मच, म्हणजे तोही त्यात आला.

आता सगळं अडतं ते "वेगळा करार नसेल तर" या शब्दांवर. तुमचं बिल काढा आणि उजेडात धरून बघा. अशी बिलं माझ्याकडे खूप येतात, वर गणपती, मग स्टुडिओचं नाव, मधे "कँडिड १, ट्रॅडिशनल १, ड्रोन, अल्बम ४० पानी" असं हाताने लिहिलेलं, आणि तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरात पाच-सहा अटी, त्यात चौथी किंवा पाचवी अट की सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील. तुम्ही बुकिंगच्या वेळी त्या कागदावर सही केली असेल तर स्टुडिओवाले म्हणणार की हा करार झाला, आणि सही केलेला माणूस नंतर "मी वाचलं नव्हतं" म्हणाला तर कोर्ट सहसा ऐकत नाही. पण तो कागद लग्न झाल्यावर, शेवटचा हप्ता दिल्यावर हातात पडला असेल तर गोष्ट वेगळी आहे, कारण करार ठरला साखरपुड्याच्या आधी आणि अट आली नंतर, व्यवहार पूर्ण झाल्यावर एका बाजूने छापून दिलेली अट दुसऱ्याला बांधत नाही. म्हणून ॲडव्हान्सची पावती, तारखा, व्हॉट्सॲपवरचं क्वोटेशन, सगळं जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका.

समजा अट पक्की निघाली आणि कॉपीराइट स्टुडिओचाच ठरला, तरी फ्लेक्सचा प्रश्न संपत नाही. कॉपीराइट म्हणजे फोटोवरचा हक्क, फोटोतल्या माणसावरचा नाही. सुप्रीम कोर्टाने १९९४ सालीच, आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात (ऑटो शंकर प्रकरण म्हणून जुन्या वाचकांना आठवेल), सांगितलंय की एखाद्याचं नाव किंवा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. पुढे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे असं सांगितलं. स्टुडिओबाहेरचा फ्लेक्स जाहिरात नाही तर काय आहे?

एक बारीक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी कारण नोटीस काढताना तिथेच चूक होते. ऑर्डर तुम्ही दिलीत आणि पैसे तुमच्या खात्यातून गेले, म्हणजे कॉपीराइट तुमचा आहे, मुलीचा नाही, जरी चेहरा तिचा असला तरी. आणि खासगीपणाची तक्रार मुलीची आहे, तुमची नाही. तेव्हा नोटीस दोघींच्या नावाने काढा, एकीचा कॉपीराइट, दुसरीचा चेहरा. आधी साधा मेसेज टाका की अमुक दिवसांत फ्लेक्स उतरवा आणि रील काढा, फ्लेक्सचा फोटो तारखेसकट काढून ठेवा, रीलचा स्क्रीनशॉट घ्या, इन्स्टाग्रामकडे कॉपीराइटची तक्रार त्यांच्याच फॉर्मवर करता येते, ती तुम्ही करायची कारण मालक तुम्ही. नाही ऐकलं तर वकिलाची नोटीस, आणि तरीही नाही तर कलम ५५ खाली मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते, आणि कलम ६२ मुळे हा दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, स्टुडिओच्या गावी खेपा घालायची गरज नाही. माझा अनुभव असा की दहातले नऊ जण पहिल्या लेखी मेसेजलाच फ्लेक्स उतरवतात. मुलीला सांगा, तिची काही चूक नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीचा फोटोग्राफर आहे, सहा वर्षं लग्नं करतो. प्रत्येक जण कॉपीराइट क्लायंटचा म्हणायला लागला तर आम्ही पोर्टफोलिओ दाखवायचा कसा? नवीन ऑर्डर जुने फोटो बघूनच येतात. एका क्लायंटने तर माझे फोटो इतके भडक फिल्टर मारून आणि माझा लोगो कापून टाकलेत की ते माझे आहेत सांगायची लाज वाटते. आम्हाला काहीच हक्क नाही का?

आहे, आणि तो विकला तरी जात नाही. कलम ५७ नीट समजून घ्या. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी कर्ता म्हणून तुमचं नाव लावून घ्यायचा हक्क तुमच्याकडेच राहतो, आणि तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड कोणी केली तर तिला हरकत घ्यायचाही. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल या शिल्पकाराचं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं, सरकारने सांगून करून घेतलेलं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते काढून गोदामात टाकलं, त्यात त्याची नासधूस झाली, माणूस वर्षानुवर्षं लढला, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की कलाकाराचे हे नैतिक हक्क कायम राहतात, शिल्प त्यांना परत करा आणि पाच लाख भरपाई द्या. तुमच्या फिल्टरच्या प्रकरणात इतकं मोठं काही निघणार नाही, लोक आपल्या घरच्या फोटोला रंग मारतात त्याला प्रतिष्ठेची बाधा म्हणणं अवघड आहे, पण एखाद्या मेकअप आर्टिस्टने किंवा दागिन्यांच्या दुकानाने तुमचं नाव पुसून तो फोटो स्वतःच्या पेजवर लावला तर तुम्ही नाव लावायची मागणी जरूर करू शकता. (आणि त्यांनी क्लायंटची परवानगी घेतलीय का, हाही प्रश्न आहेच.)

पोर्टफोलिओचं म्हणाल तर रस्ता एकच, आधी विचारा आणि लिहून घ्या. मला खरंच वाटतं की कायदा इथे फोटोग्राफरला थोडा कडक आहे. २०१२ साली जावेद अख्तर राज्यसभेत गीतकार-संगीतकारांसाठी बोलले आणि त्याच वर्षी कायदा बदलून फिल्ममध्ये वापरलेल्या गाण्यांच्या कर्त्यांना वरच्या कलम १७ मध्येच संरक्षण मिळालं. तोवर १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल होता की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेलं संगीत निर्मात्याचं. लग्नाच्या फोटोग्राफरसाठी मात्र कोणी उभं राहिलं नाही, नियम १९५७ चा तोच आहे. पण तळाशी मुंगीच्या अक्षरात अट टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने फक्त वरच्या पत्रातल्या आईसारखी माणसं दुखावतात.

त्याऐवजी बुकिंगच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात दोन ओळी ठेवा : "आमचे निवडक फोटो स्टुडिओने आपल्या पेजवर व अल्बममध्ये दाखवण्यास परवानगी आहे / नाही", समोर चौकट आणि सही. त्याखाली "फ्लेक्स, होर्डिंग व जाहिरातीसाठी वेगळी विचारणा केली जाईल". बरेच जण हसत हसत "आहे" वर टिक करतात, फक्त त्यांना विचारलेलं हवं असतं. आणि पैसे थकवणाऱ्यांसाठी तिसरी ओळ, "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील", ही अट अगदी रास्त आहे आणि ती तुम्हाला खरंच उपयोगी पडेल, कारण नुसतं बाकी आहे म्हणून कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही, पैसे द्यायचं कबूल केलं हाही मोबदलाच धरला जातो.

तुम्ही दुसऱ्या स्टुडिओसाठी रोजावर कँडिड शूट करत असाल तरी ही बोलणी आधी करा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो मालकाचा असतो, पण रोजावर येणारा फ्रीलान्सर नोकर नाही, तिथे स्टुडिओ, फ्रीलान्सर आणि क्लायंट अशा तिघांचा गोंधळ होतो आणि कागद नसेल तर तो कोर्टातही लवकर सुटत नाही.

प्रश्न : माझ्या मुंजीत, म्हणजे मुलाच्या मुंजीत, आतेभावाने हौसेने त्याच्या कॅमेऱ्यावर शेकडो फोटो काढले, पैसे घेतले नाहीत. आता तो म्हणतो त्यातले दोन फोटो स्पर्धेला पाठवणार. फोटो आमच्या कार्यातले, मग हक्क आमचा ना? (ठाणे)

नाही, इथे हक्क त्याचा. कलमात "मोबदला" हा शब्द आहे, आणि तुम्ही त्याला जेवू घातलंत, सदरा दिलात, त्याला मोबदला म्हणता येत नाही, तो आहेर झाला. पाहुण्यांनी मोबाईलवर काढलेल्या फोटोंचंही तसंच, ज्याने काढला त्याचा. मुलाचा चेहरा स्पर्धेत जाऊ नये असं वाटत असेल तर आईवडील म्हणून तसं स्पष्ट सांगा, आणि आतेभाऊ आहे, ऐकेल. पण "फोटो आमचे" असं म्हणून सांगू नका, ते चुकीचं होईल.

प्रश्न : मुलीचं लग्न इंग्लंडमध्ये झालं, जावई तिथलेच. तिथल्या फोटोग्राफरने फक्त ऑनलाइन गॅलरी दिली, म्हणतो कॉपीराइट माझा, तुम्हाला घरगुती वापराची परवानगी आहे. आम्हाला इथे आमच्या ज्ञातीच्या मासिकात फोटो छापायचाय. पैसे तर आम्हीच पाठवले होते! (पुणे)

तो बरोबर बोलतोय, तिथे तसंच आहे. गंमत अशी की इंग्लंडचा आधीचा १९५६ चा कायदा आपल्यासारखाच होता, पैसे देऊन सांगणारा मालक, आपला १९५७ चा नियम त्याच वळणाचा. त्यांनी १९८८ मध्ये नवा कायदा केला, तो १ ऑगस्ट १९८९ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून फोटोग्राफर मालक. पण त्याच कायद्याच्या कलम ८५ मध्ये त्यांनी घरच्यांनाही एक हक्क ठेवलाय, खासगी, घरगुती कारणासाठी सांगून काढून घेतलेले फोटो, कॉपीराइट फोटोग्राफरचा असला तरी, सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय लोकांसमोर मांडता येत नाहीत. मला ही वाटणी फार चांगली वाटते, कलाकाराला त्याची कला आणि घराला त्याचा उंबरठा.

अमेरिकेत १९७८ पासून फोटोग्राफरच मालक, कॅनडाने २०१२ मध्ये नियम बदलून तिकडेच नेलं, ऑस्ट्रेलियात मात्र लग्नासारख्या घरगुती कामाचे फोटो असतील तर अजूनही ग्राहक मालक. म्हणजे एका घरातल्या तीन बहिणींची लग्नं पुणे, सिडनी आणि न्यू जर्सीत झाली तर तिन्ही अल्बमची उत्तरं सारखी येणार नाहीत.

तुम्ही त्या फोटोग्राफरला एक ईमेल करा, मासिकाचं नाव, किती प्रती, कुठला फोटो, आणि खाली नाव छापू असं लिहा. सहसा फुकट परवानगी मिळते. ईमेलचं उत्तर जपून ठेवा आणि मासिकाच्या संपादकांनाही पाठवा.

प्रश्न : सोळा वर्षांपूर्वीच्या आमच्या लग्नाचे मूळ फोटो स्टुडिओकडे होते. अल्बमला पाणी लागलं. स्टुडिओवाला म्हणतो हार्ड डिस्क आहे पण फाइल देणार नाही, प्रिंट हवी तर माझ्याकडूनच घ्या. कॉपीराइट आमचा असेल तर तो अडवू कसा शकतो? (नांदेड)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला स्वतःला त्या कळायला वेळ लागला. माझ्या वडिलांच्या दुकानात लाकडी खणांचं कपाट होतं, त्यात सहा-सहा फ्रेमच्या निगेटिव्हच्या पट्ट्या बटर पेपरमध्ये, प्रत्येकावर बॉलपेनने नंबर, आणि प्रिंटच्या मागे निळा शिक्का की हा नंबर सांगितल्यास केव्हाही कॉपी मिळेल. वडील प्रिंट कितीही वेळा द्यायचे पण निगेटिव्ह कधीच नाही, एकदा बायको गेलेला एक माणूस तिच्या एकुलत्या एका फोटोची निगेटिव्ह मागायला आला होता, त्यालाही मोठी कॉपी करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण पट्टी परत खणात. मला तेव्हा वाटायचं की निगेटिव्ह ज्याची फोटो त्याचा. लॉ कॉलेजला कलम १७ वाचलं त्या रात्री मी वडिलांना फोन केला की बाबा, त्या कपाटातले फोटो सगळे गिऱ्हाइकांचे होते. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, पट्ट्या तर माझ्या ना?

आणि त्यांचंही बरोबर होतं. वस्तूची मालकी आणि कॉपीराइट वेगवेगळ्या हातात असू शकतात. हार्ड डिस्क स्टुडिओची आहे, फोटोंच्या प्रती काढायचा हक्क तुमचा. डिजिटल फाइल द्यायचं पॅकेजमध्ये ठरलं होतं का हे बघा, ठरलं असेल तर न देणं ही सेवेतली त्रुटी. ठरलं नसेल तर रॉ फाइल मागायचा हक्क आपोआप येत नाही, पण "माझ्याकडूनच प्रिंट घ्या" हेही तो लादू शकत नाही. पाणी लागलेल्या अल्बमची पानं तुम्ही दुसऱ्या कुठल्याही दुकानात स्कॅन करून साफ करून घेऊ शकता, मागे कोणाचाही शिक्का असला तरी. त्याच्याकडून फाइल हव्या असतील तर डिस्क शोधायच्या कामाचे आणि पेनड्राइव्हचे वाजवी पैसे द्यायची तयारी दाखवा, सोळा वर्षं डिस्क सांभाळणं हे फुकटचं काम नाही.

ज्यांची लग्नं आत्ता झालीत आणि फाइल मिळत नाहीयेत त्यांच्यासाठी : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, ती तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून मोजतात. नांदेडच्या वाचकांच्या बाबतीत ती मुदत कधीच गेलेली असणार, म्हणून मी बोलून सोडवायला सांगतेय.

प्रश्न : कॉलेजच्या दीक्षांत समारंभात एका कंपनीने सगळ्यांचे फोटो काढले, नंतर नंबर सांगून प्रिंट विकत घ्यायची होती. मी घेतली आणि तिची झेरॉक्स, म्हणजे स्कॅन करून मित्रांना पाठवली, तर ग्रुपवर एक जण म्हणाला हे बेकायदा आहे. मी पण पैसे दिलेत की!

पैसे कधी दिलेत ते बघा. गेटवे ऑफ इंडियासमोर तुम्ही फोटोवाल्याला बोलावून, भाव ठरवून उभे राहता तेव्हा तो तुमच्या सांगण्यावरून काढलेला फोटो. इथे कंपनीने आधी स्वतःहून सगळ्यांचे काढले, तुम्ही तयार प्रिंट विकत घेतली, त्यामुळे कॉपीराइट कंपनीचा (किंवा कॉलेजने पैसे देऊन बोलावली असेल तर कॉलेजचा). मॅरेथॉनमध्ये धावतानाचे फोटो नंतर वेबसाइटवर विकतात, तिथेही हेच. स्वतःच्या खासगी वापरासाठी कायद्यात कलम ५२ ची सवलत आहे, घरी फ्रेमसाठी स्कॅन केलंत, आईला पाठवलंत, तर काळजी करू नका. पण ग्रुपवरच्या पन्नास जणांना त्यांचे-त्यांचे फोटो फुकट स्कॅन करून वाटणार असाल तर तो खासगी वापर राहत नाही, कारण प्रत्येक स्कॅनमागे कंपनीची एक प्रिंट विकायची राहते. त्या सगळ्यांनी मिळून कंपनीला डिजिटल फाइलचा एकत्र दर विचारा.